पावतीवरचे विद्यार्थी

पावसाळा ओसरायला लागला, की खानदेशातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या जिमखान्यात एक देखावा ठरलेला असतो. टेबलावर पात्रता अर्जांचा गठ्ठा, बाजूला डिंकाची बाटली आणि स्टेपलर, समोर पोरांची रांग. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी. तिच्यात दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, आधार कार्ड, दोन फोटो आणि यंदाच्या फीची पावती. क्रीडा संचालक एकेक कागद उजेडाकडे धरून तारखा जुळवतात. कोण चढाईला चपळ आणि कोण कोपऱ्यावर पक्का, हे त्यांना मैदानावरच कळून चुकलेलं असतं. इथं बघायची ती पावती.

‘‘सर, पावती घरी राहिली.’’

‘‘मग तूही घरीच राहा.’’

पावती आहे म्हणजे प्रवेश आहे, प्रवेश आहे म्हणजे विद्यार्थी आहे, विद्यार्थी आहे म्हणजे पात्र आहे. प्राचार्यांची सही होते, शिक्का बसतो आणि गठ्ठा जळगावला विद्यापीठात रवाना होतो. शेवटची परीक्षा कोणती आणि कधी पास झाला, हे लिहायला अर्जावर जागा असते. पण ती वर्षं मोजण्यासाठी. गेल्या सत्रात या पोराचे किती विषय निघाले आणि किती राहिले, हे त्या टेबलावर कोणी विचारत नाही. विचारायचं कारणच नसतं. नियमात ते नाही.

नियम काय आहेत तेही बघू. आंतरविद्यापीठ स्पर्धांची पात्रता भारतीय विद्यापीठ महासंघ ठरवतो. १९२५ साली स्थापन झालेली ही दिल्लीची संस्था. खेळाडू पूर्णवेळ अभ्यासक्रमाला असावा, अभ्यासक्रम किमान एका शैक्षणिक वर्षाचा असावा, त्याची परीक्षा विद्यापीठानं घेतलेली असावी. वय पंचविशीच्या आत असावं. महाविद्यालयात पहिलं पाऊल टाकायला लायक ठरवणारी परीक्षा, म्हणजे बहुतेकांची बारावी, होऊन आठ वर्षं उलटलेली नसावीत. पूर्णवेळ नोकरी नसावी. एका शैक्षणिक वर्षात एकाच विद्यापीठाकडून खेळावं. तात्पुरता प्रवेश चालणार नाही.

या प्रत्येक अटीमागे एकेक लबाडी उभी आहे. भुसावळला रेल्वेत चिकटलेला गडी कॉलेजची जर्सी घालून उतरायला नको, म्हणून नोकरीची अट. दोन पोरांचा बाप झालेला पहिलवान एफ. वाय.च्या पोराच्या अंगावर सोडायला नको, म्हणून वयाची अट. सप्टेंबरात इकडे आणि जानेवारीत तिकडे असा बाजार भरायला नको, म्हणून एका विद्यापीठाची अट. अटी शहाण्या आहेत आणि त्या हव्यातच. मात्र त्या राखण करतात ती स्पर्धेची. कुंपण बांधलं आहे, बाहेरचं ढोर आत शिरत नाही. आतल्या पिकाला पाणी मिळतं का, हे बघायचं काम कोणाकडे दिलेलंच नाही.

त्याचा परिणाम काय होतो, ते आमच्या ओळखीच्या एका खेळाडूकडे बघून कळतं. नाव-गाव सांगत नाही, कारण असे जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. बी. ए. कसंबसं, एटीकेटीच्या कुबड्या घेत पार पडलं. मग एम. ए. मराठी, भाग एक. पुढच्या वर्षी एम. ए. राज्यशास्त्र, भाग एक. त्याच्या पुढच्या वर्षी एम. ए. इतिहास, भाग एक. तीन भाग-एक झाले आणि भाग दोन एकही नाही. कपाटात प्रमाणपत्रं भरपूर आहेत, ब्लेझर आहे, संघाचे फोटो आहेत. मराठीच्या पहिल्या पेपरला काय होतं, असं विचारलं तर तो प्रामाणिकपणे हसतो. नियमाच्या दृष्टीनं तो तिन्ही वर्षं शंभर टक्के पात्र होता. वय बसत होतं, आठ वर्षं भरली नव्हती, पावती होती. मग आठ वर्षं भरली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला फोन करणारं कोणी उरलं नाही.

या पोराला लबाड म्हणून मोकळं होणं सोपं आहे. तो तसा कसा झाला, हे सरळ तारखांच्या हिशोबात दिसतं.

आपल्याकडे सत्रपद्धत आहे. पहिल्या सत्राच्या लेखी परीक्षा दिवाळीच्या आगेमागे येतात. खेळाचा हंगामही नेमका तोच. आधी जळगाव, एरंडोल, धुळे, नंदुरबार अशा विभागांत आंतरमहाविद्यालयीन सामने, मग आंतरविभागीय, मग विद्यापीठाच्या संघाचं शिबिर, आणि मग पश्चिम विभाग. पश्चिम विभाग म्हणजे महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा यांतलं कुठलंही गाव. भुसावळहून गाडी धरायची, नाहीतर सुरत लाइननं निघायचं. जाण्यायेण्यात तीन-चार दिवस, सामन्यांचे तीन-चार, जिंकत गेलो तर आणखी. जो संघ हरतो तो परीक्षेला वेळेवर पोचतो. जो जिंकतो त्याचे पेपर बुडतात. विद्यापीठासाठी पदक आणणाऱ्याच्या निकालपत्रावर त्या विषयापुढे ‘एबी’ अशी दोन अक्षरं येतात आणि गैरहजर म्हणून तो नापासांच्या यादीत जातो.

त्यात हा खानदेश. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापूस फुटतो. वेचायला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, आणि घरात एक धडधाकट पोरगं सकाळी मैदानावर पळतंय हे बापाच्या डोळ्यांत खुपतं. धुळे तालुक्यातल्या एका बापाचं बोलणं आम्ही ऐकलं आहे. ‘‘खेयस ते खेय, पन पास बी व्हय.’’ खेळतोस तर खेळ, पण पासही हो. दहावी न झालेल्या माणसानं सांगितलेली ही पात्रतेची अट दिल्लीच्या नियमावलीपेक्षा पूर्ण आहे.

पेपर बुडाला की तो पुढच्या खेपेला जातो. पुढच्या खेपेला पुन्हा सामने असतात. विषय साचत जातात, आणि एक दिवस तिसऱ्या वर्षाला प्रवेशच मिळत नाही. वर्ष पडलं की नियमित विद्यार्थी हे नातं बहुतेक ठिकाणी तुटतं आणि संघातलं नावही जातं. आता खेळायचं असेल तर एक नवी पावती लागते. ती एखाद्या वर्षभराच्या पदविकेची असो, नाहीतर जिथं जागा रिकाम्या पडल्या आहेत अशा कुठल्याही वर्गाची. म्हणजे आपणच आधी त्याचा पेपर बुडवतो, मग त्याचं वर्ष घालवतो आणि शेवटी पावती कुठं फाडायची ती खिडकीही आपणच दाखवतो. पावतीवरचा विद्यार्थी हा या व्यवस्थेतून पळालेला चोर नाही, तिनंच घडवलेला माल आहे.

बुडालेला पेपर वेगळा घेता येत नाही का? येतो. कुठं घेतलाही जातो. पण तो मागावा लागतो. क्रीडा संचालकांचं पत्र, प्राचार्यांची शिफारस, परीक्षा विभागातल्या खेपा, आणि नशीब असेल तर होकार. खेळाडू विद्यापीठाच्या कामासाठी गेला होता, तेव्हा त्याच्या पेपरची सोय हा त्याचा हक्क असायला हवा; आज ती मेहरबानी आहे. ७५ टक्के हजेरीचंही तेच. पत्र जोडलं की हजेरी ‘लागते’. बुडालेला धडा मात्र पत्र जोडून शिकून होत नाही. सवलतीच्या गुणांची कथाही वेगळी नाही. गुण मिळतात, धडा राहतो.

आता कोणी म्हणेल, खेळाडूला एवढं शिकून करायचं काय? त्याचं उत्तर रोज पहाटे जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठावर आणि धुळ्याच्या गरुड मैदानावर धावत असतं. तिथली निम्मीअधिक पोरं भरतीची. पोलीस शिपाई व्हायचं तर मैदानी चाचणी ५० गुणांची, आणि लेखी १०० गुणांची. सोळाशे मीटर छाती फुटेस्तोवर पळून मिळवलेलं लेखीच्या दीड तासात वाहून जातं, हे या पोरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. राज्य सरकारी नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्यात वयाची सवलत आहे, शिक्षणाची नाही. ज्या पदाला पदवी लागते त्या पदाला खेळाडूलाही पदवीच लागते. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षं महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे पोलीस उपअधीक्षक झाले. खानदेशातल्या प्रत्येक तालमीत त्यांचं नाव निघतं आणि ते निघायलाच हवं. पण तीनदा महाराष्ट्र केसरी होणारा एखादाच. बाकीच्यांना पश्चिम विभागातलं एक प्रमाणपत्र आणि एक गुणपत्रिका एवढ्यावरच आयुष्य उभं करायचं असतं. त्यांतला एक कागद आपण थाटात देतो आणि दुसरा रिकामा ठेवतो.

तर मग निकालाची अटच घाला, असं प्राध्यापक मंडळींतून ऐकू येतं. विषय राहिले तर संघात घेऊ नका, आपोआप अभ्यास करतील. ऐकायला हे कडक आणि गोमटं आहे. आमचा त्याला विरोध आहे. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांच्या डोंगरकडेच्या पाड्यांवरून येणारं पोरगं घरातलं पहिलंच महाविद्यालयात आलेलं असतं. ते इथवर आलं ते बऱ्याचदा आश्रमशाळेतल्या खो-खोच्या जोरावर. इंग्रजीचा पेपर राहिला म्हणून त्याचं मैदान काढून घेतलं, तर ते अभ्यासिकेत जाऊन बसणार नाही. ते घरी जाईल, नाहीतर ऊसतोडीला. मैदान हीच त्याला महाविद्यालयात बांधून ठेवणारी दोरी आहे. शिस्तीच्या नावाखाली ती कापायची नसते.

शिवाय गुणांची अट घालून काय होतं, याचा प्रयोग अमेरिकेत चाळीस वर्षं झाला आहे. तिथं महाविद्यालयीन खेळ म्हणजे अब्जावधी डॉलरचा धंदा. तिथल्या राष्ट्रीय क्रीडा संघटनेनं १९८३ साली ‘प्रपोझिशन ४८’ नावाचा नियम केला आणि १९८६ पासून तो लावला. शाळेतल्या अकरा मुख्य विषयांत ठरावीक सरासरी आणि प्रवेश परीक्षेत ठरावीक गुण असल्याशिवाय पहिल्या वर्षी खेळता येणार नाही. याचा सगळ्यांत मोठा फटका गरीब वस्त्यांतल्या काळ्या मुलांना बसला. पुढे नियम आणखी आवळायची टूम निघाली, तेव्हा जॉर्जटाउन विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन टॉम्प्सन जानेवारी १९८९ मध्ये आपल्याच संघाचा सामना सुरू होण्याआधी मैदान सोडून निघून गेले. प्रवेश परीक्षेच्या गुणांची ती अट अखेर २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली.

आणि जिथं गुण लागतात तिथं गुण बनवले जातात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिलच्या शाखेत १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं ‘कागदी वर्ग’ चालले. वर्ग भरायचा नाही, शिकवायचं नाही, सत्राअखेर एक निबंध द्यायचा आणि चांगली श्रेणी घ्यायची. अशा वर्गांचा लाभ सुमारे ३,१०० विद्यार्थ्यांनी घेतला आणि त्यांत जवळपास निम्मे खेळाडू होते, असं २०१४ च्या चौकशी अहवालात आलं. गंमत पुढेच आहे. क्रीडा संघटनेनं २०१७ मध्ये विद्यापीठाला शिक्षा करता येत नाही असं सांगितलं, कारण ते वर्ग नुसत्या खेळाडूंसाठी नव्हते, सगळ्यांनाच खुले होते! तिकडे कागदी वर्ग, इकडे कागदी प्रवेश. नियम ज्या कागदाला भितो, तो कागद लोक तयार करून देतात.

मात्र त्याच अमेरिकेकडून एक गोष्ट जरूर उचलावी. तिथं प्रत्येक संघाची शैक्षणिक प्रगतीची मोजणी होते. खेळाडू सत्रअखेर अभ्यासात टिकला तर एक गुण, आणि महाविद्यालय सोडून गेला नाही तर आणखी एक. सगळ्या खेळाडूंचे मिळून संघाचे गुण हजाराच्या हिशोबात मांडतात. ते ९३० च्या खाली घसरले, तर संघ मोठ्या स्पर्धेला मुकतो. कनेक्टिकट विद्यापीठाचा पुरुषांचा बास्केटबॉल संघ २०११ चा राष्ट्रीय विजेता. या मोजणीत मागे पडला म्हणून २०१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेतून तो बाहेर राहिला, आणि २०१४ मध्ये परतून पुन्हा विजेता झाला. या व्यवस्थेतही पळवाटा आहेत. पण प्रश्न कोणाला विचारला, ते बघा. पोरगं नापास झालं तर ‘तू काय केलंस’ एवढ्यावर भागत नाही, ‘तुम्ही काय केलंत’ हेही विचारलं जातं.

आमच्या पात्रतेच्या नियमांत नेमकी हीच बाजू कोरी आहे. वय पोराचं मोजायचं, वर्षं पोराची मोजायची, पावती पोराची बघायची, दंड पोरालाच. ज्यानं त्याला संघात घेतलं, त्याचे पेपर बुडू दिले, त्याच्या पदकावर सर्वसाधारण विजेतेपदाचा चषक काचेच्या कपाटात लावला आणि प्रवेशाच्या जाहिरातीत त्याचा फोटो छापला, त्या महाविद्यालयाची पात्रता कोणी तपासायची?

महासंघाचे नियम बदलायला दिल्ली गाठावी लागेल. जळगावात करता येण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा विद्यापीठाच्याच, परीक्षाही विद्यापीठाच्याच. राज्याच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळही दिलेलं आहे. त्या मंडळानं चार गोष्टी कराव्यात. पात्रता अर्जावर गेल्या सत्रातल्या निघालेल्या आणि राहिलेल्या विषयांचा रकाना घालावा. हा रकाना पोराला अडवण्यासाठी नको; महाविद्यालयाला जाब विचारण्यासाठी हवा. विद्यापीठाच्या संघातून खेळताना बुडालेला पेपर परतल्यावर महिन्याच्या आत घ्यावा, कोणी न मागता. शंभरातले साठ गुण विद्यापीठाचे आणि चाळीस महाविद्यालयाचे अशी विभागणी आहे, तर त्या चाळिसांसाठी खेळाडूच्या चाचण्या हंगामाबाहेरच्या तारखांना घ्याव्यात. घ्याव्यात, वाटून टाकू नयेत. आणि चौथी गोष्ट बिनखर्चाची. सर्वसाधारण विजेतेपदाची यादी जाहीर करताना प्रत्येक महाविद्यालयाच्या गुणांशेजारी त्याचे किती खेळाडू खेळले आणि किती पास झाले, हे दोन आकडे छापावेत. पहिल्या वर्षी आरडाओरड होईल. दुसऱ्या वर्षी जिमखान्याच्या खोलीत संध्याकाळी इंग्रजीचा तास सुरू झालेला दिसेल.

नव्या शैक्षणिक धोरणात खेळाला श्रेयांक मिळतात, मग आता प्रश्न सुटला, असं कोणी समजू नये. एका श्रेयांकाला प्रात्यक्षिकाचे तीस तास धरतात. कबड्डीचा पोरगा रोज पहाटे दोन तास घाम गाळतो, म्हणजे त्याचा श्रेयांक पंधरा दिवसांत कमावून होतो. उरलेल्या साडेअकरा महिन्यांचा हिशोब कुठल्याच वहीत नाही. आणि जो कधी मैदानावर फिरकलाच नाही, त्यालाही तेवढेच श्रेयांक सहीनिशी मिळाले, तर ही आणखी एक पावती झाली.

जळगावच्या या विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाईंचं नाव आहे. असोद्याची ही लेक आणि जळगावची सून लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती, हे भाषणांत हौसेनं सांगितलं जातं, आणि त्यातून शिक्षणावाचून अडत नाही असा सोयीचा अर्थही काढला जातो. घडलं ते वेगळंच. ती शेतात आणि जात्यावर कविता रचत गेली, आणि मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी त्या कागदावर उतरवून ठेवल्या. १९५१ मध्ये ती गेली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. घरात टिपून घेणारं कोणी नसतं, तर गावाबाहेर तिचा शब्दही पोचला नसता. पहाटे दोन तास मैदानावर राबणाऱ्या पोरालाही घरातलं असं कोणीतरी लागतं. त्याचं घर म्हणजे त्याचं महाविद्यालय.

पुढच्या ऑगस्टात तेच टेबल असेल, तोच गठ्ठा, तीच रांग. वरून परिपत्रक येण्याची वाट न बघता एखाद्या क्रीडा संचालकानं अर्जाच्या तळाशी पट्टी ठेवून एक रकाना स्वतःच आखावा आणि पावती बघून झाल्यावर पोराला विचारावं, ‘‘किती विषय राहिले रे?’’ आणि उत्तर ऐकून अर्ज परत न करता, तो आकडा घेऊन प्राचार्यांच्या दालनात जावं.